बाबा, द्राक्षं उतरल्यावर नाही, आत्ताच या

ती. बाबा आणि आई,

फोनवर बाबा ऐकून घेत नाहीत म्हणून लिहून पाठवतेय, आई तू मोठ्याने वाच, मधेच उठून बागेत निघाले तर परत बसव.

बाबा, तुमच्या नाकावरच्या त्या डागाच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला. बेसल सेल कार्सिनोमा. कातडीचा कॅन्सरच आहे, पण हा सहसा अंगात दुसरीकडे पसरत नाही, आहे तिथेच उंदरासारखा कुरतडत आत जातो. आपल्या लोकांत बरेचदा काळपट असतो म्हणून तीळ वाटतो. चार वर्षं आपण चष्म्याने घासतंय म्हणत बसलो, खपली धरायची, पडायची, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका, आई हळद लावायची, आणि मी दिवाळीला बघून मलम आणून दिलं, ते मला खातंच आहे. आता सीटी स्कॅनमध्ये डाव्या नाकपुडीची कूर्चा गेलेली दिसतेय, हाडाला अजून लागलं नाहीये. म्हणून घाई.

आधी ते सगळं काढणार, काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर राहिलाय का तपासणार, कडा साफ आल्याशिवाय पुढचं काहीच नाही. मग कपाळाची कातडी भुवईजवळ जोडलेली ठेवून खाली वळवून नाकावर बसवणार. रक्त त्या जोडलेल्या पट्टीतून, म्हणजे दांड्यातून येतं, त्यामुळे साधारण तीन आठवडे तो तसाच राहतो आणि मग कापतात. डॉक्टरांनी टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून माप कसं घेतात ते दाखवलं मला.

"असलं तोंड घेऊन गावात कसा फिरू" म्हणालात ना? फिरू नका, माझ्याकडे राहा. आणि हे काही परदेशी फॅड नाही बाबा, इथलंच आहे! इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी, टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलेलं, पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांपैकी एका वैद्याने मेणाचं माप घेऊन कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. 1794 ला लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं, तिकडचे डॉक्टर त्यावरून शिकले. तेव्हा तर भूलसुद्धा नव्हती.

बाग दादा बघेल, मी बोललेय त्याच्याशी. गुरुवारी गाडी येतेय. रक्त पातळ व्हायची गोळी मनाने बंद करू नका, पाकीट बरोबर आणा, काय ते डॉक्टर सांगतील.

दांडा असेपर्यंत चष्मा लावता येणार नाही म्हणाले. पेपर मी वाचून दाखवेन, बाजारभावासकट.

तुमची,
ताई