फाइलची वेळ सेकंदावर कापू नका

संपादक महोदय,
स. न.

कॉपी करणारा किंवा बॅकअप घेणारा प्रोग्राम फाइलमधला मजकूर अचूक नेतो आणि फाइलची वेळ, म्हणजे ती शेवटची कधी बदलली याची नोंद, मात्र बिघडवतो, असे आजही सर्रास घडते. सी भाषेच्या मानकात फाइलची वेळ बदलणारे एकही फंक्शन नाही. त्यामुळे हाताशी येते ते यूटाइम (utime) हे ऑपरेटिंग सिस्टिमचे जुने फंक्शन, आणि ते फक्त पूर्ण सेकंद लिहिते. 10:15:20.730 ची फाइल 10:15:20.000 ची होते, म्हणजे प्रत मूळ फाइलपेक्षा 730 मिलिसेकंदांनी जुनी ठरते. वेळा ताडून काम करणारी साधने मग मूळ फाइल बदलली असे समजून तीच फाइल दर वेळी पुन्हा उचलतात.

युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या पॉझिक्स या मानकाने 2008 च्या आवृत्तीत यूटाइमवर कालबाह्यतेचा शिक्का मारला आणि नॅनोसेकंदांपर्यंत जाणारी यूटाइमेन्सॅट (utimensat) व फ्यूटाइमेन्स (futimens) ही फंक्शन्स दिली. पहिल्याला फाइलचा पाथ द्यायचा, दुसऱ्याला उघडा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा क्रमांक. दोघांनाही दोन नोंदींचा अ‍ॅरे लागतो: आधी वाचनाची वेळ, मग बदलाची. एकच वेळ बदलायची असेल तर जी बदलायची नाही तिच्या नॅनोसेकंद फील्डमध्ये यूटाइम_ओमिट (UTIME_OMIT) हे ‘ही वेळ सोडा’ सांगणारे मूल्य ठेवावे. ‘आधी स्टॅट (फाइलची माहिती देणारे फंक्शन) करून जुनी वेळ वाचा आणि तीच परत लिहा’ ही पद्धत सोडून द्यायला हवी. त्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसने केलेली नोंद पुसली जाते.

मॅकओएसमध्ये ही दोन्ही फंक्शन्स 10.13 पासून आहेत. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी मायक्रोसेकंदांपर्यंत जाणारे यूटाइम्स (utimes) हे वेगळे फंक्शन वापरावे लागते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव पाहून इफडेफ (#ifdef) ही अट लिहू नये, प्रोग्राम बांधण्याआधी कॉन्फिगर करतानाच फंक्शन आहे की नाही ते तपासावे. 

विंडोजची गोष्टच वेगळी. तिथल्या सी लायब्ररीचे यूटाइम डिरेक्टरीवर चालत नाही, ‘परवानगी नाही’ अशी चूक देते. सरळ विंडोजचे स्वतःचे सेटफाइलटाइम (SetFileTime) वापरावे. त्याला लागणारे हँडल, म्हणजे उघडलेल्या फाइलचा दुवा, क्रिएटफाइलने उघडताना फाइल_राइट_अ‍ॅट्रिब्यूट्स एवढाच अधिकार मागावा आणि डिरेक्टरी असेल तर फाइल_फ्लॅग_बॅकअप_सिमँटिक्स जोडावे. जी वेळ बदलायची नाही तिथे नल (NULL) द्यावे. विंडोजची गणना 1 जानेवारी 1601 पासून, 100 नॅनोसेकंदांच्या एककात चालते. युनिक्सची 1970 पासून. मधले अंतर 11,64,44,73,600 सेकंदांचे. हा आकडा 32 बिटांत मावत नाही, त्यामुळे सगळा हिशेब 64 बिटांतच करावा.

सर्वांत जास्त चुका क्रमात होतात. एफराइटने (fwrite) लिहून लगेच वेळ लावली आणि मग एफक्लोजने (fclose) फाइल बंद केली, तर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, उरलेला मजकूर बंद करताना डिस्कवर जातो आणि लावलेली वेळ पुसतो. आधी बफर रिकामे करणारे एफफ्लश (fflush), मग फ्यूटाइमेन्स, मग एफक्लोज. डिरेक्टरीची वेळ तिच्यातल्या सगळ्या फाइल्स तयार झाल्यावर, आतून बाहेर येत लावावी, कारण आत नवी फाइल आली की डिरेक्टरीची बदलाची वेळ हलते.

एवढे करूनही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडण्याची पद्धत, आपले म्हणणे ऐकेलच असे नाही. पेनड्राइव्हवर दिसणाऱ्या फॅटवर (FAT) बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत आणि स्थानिक घड्याळानुसार साठते, विंडोजच्या एनटीएफएसवर (NTFS) 100 नॅनोसेकंदांत, तर 128 बाइटांचे आयनोड (फाइलच्या माहितीची नोंद) असलेल्या लिनक्सच्या एक्सट4 (ext4) वर फक्त पूर्ण सेकंदांत. म्हणून वेळ लावल्यावर ती परत वाचावी आणि तुलना करताना त्या डिस्कला झेपेल एवढीच तफावत माफ करावी. सगळीकडे सरसकट दोन सेकंदांची सूट दिली, तर दोन सेकंदांत झालेला खरा बदल निसटतो.

चाचणीत 1969 ची एक फाइल जरूर ठेवावी. 1970 च्या अर्धा सेकंद आधीची वेळ म्हणजे सेकंद उणे 1 आणि नॅनोसेकंद अधिक 50 कोटी. नॅनोसेकंद उणे दिले तर कॉल नाकारला जातो. दुसरी फाइल 2040 ची असावी. सीमधला वेळ साठवणारा 32-बिटी टाइम_टी (time_t) 19 जानेवारी 2038 ला संपतो. लिनक्सच्या ग्लिबसी (glibc) या सी लायब्ररीच्या 2.34 आवृत्तीपासून 32-बिटी बिल्डसाठी _टाइम_बिट्स आणि _फाइल_ऑफसेट_बिट्स हे दोन्ही मॅक्रो 64 केले, तर ही फाइल पार पडते.

– एक वाचक