वैशू, काकूंच्या पायाच्या मुंग्यांबद्दल

प्रिय वैशू,

परवा फोनवर म्हणालीस की काकूंच्या पायाला मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, आणि घरात सगळे म्हणतायत की आता वय झालं, असं व्हायचंच. मी तेव्हा लॅबमध्ये होते, समोर सॅम्पल द्यायला लाइन लागलेली, त्यामुळे नीट बोलता आलं नाही पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच काढते, अण्णांनाही वाचून दाखव.

अगं काकूंचं बी-१२ तपासून घे. वयावर ढकलायच्या आधी एवढं कर. काकू पक्क्या शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही, दूध आवडत नाही म्हणून चहात जातं तेवढंच, आणि वर शुगरसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू. ह्या तीन गोष्टी एकाच माणसात असल्या की मला तरी पहिला संशय ह्याच व्हिटॅमिनचा येतो. शुगरनेही पायाच्या नसा बिघडतात आणि मुंग्या दोन्हींत सारख्याच येतात, पण म्हणूनच तर तपासायचं ना, कारण शुगर म्हणून सोडून दिलं आणि खरं कारण बी-१२ निघालं तर जी गोष्ट औषधाने सुधारली असती ती हातची जाते. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं की पूर्ण भरून येतंच असं नाही.

आता तू म्हणशील काकू तर एवढं सकस खातात, मेथी, शेवग्याची पानं, मोड आलेली मटकी, नाचणी, तीळ. खातात, आणि ते सगळं चांगलंच आहे, लोह, कॅल्शियम, फोलेट (गोळीत फोलिक ॲसिड म्हणून असतं ते व्हिटॅमिन) त्यातून मिळतं. पण बी-१२ त्यात नाही. हे व्हिटॅमिन झाडं बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत, ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटात ते जिवाणू असतात, चाऱ्यातून आलेला कोबाल्ट वापरून ते बी-१२ तयार करतात आणि मग ते दुधात उतरतं. (इंजेक्शन लालभडक असतं बघ, ते ह्या कोबाल्टच्या संयुगामुळेच.) इडली-डोसा आंबवलेलं असतं म्हणून त्यातून मिळतं असं पुष्कळ जण सांगतात, त्याच्यावर अजिबात विसंबू नको. आणि स्पिरुलिना, ती शेवाळाची पूड, जी कुणीतरी काकूंना आणून दिलीय म्हणालीस, तिच्यात बरंचसं बी-१२सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं संयुग असतं.

दिवसाला लागतं किती तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास काहीच नाही. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. म्हणजे रोज दोन मोठे ग्लास दूध किंवा तेवढं दही पोटात गेलं तर शाकाहारी माणसाचं कसंबसं भागतं, चहातल्या दुधाने आणि पातळ ताकाने नाही. पण यकृतात साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून कमतरता हळूहळू येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आधी थकवा, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, मग मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, चिडचिड. प्रत्येकाला वेगळंच काहीतरी कारण सापडत जातं. त्यात वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं, अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला ते लागतं, आणि ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं तर अजूनच अवघड. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून शोषून घेणं कमी होतं. पण मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका हां, ते चांगलं औषध आहे, फक्त त्याच्याबरोबर बी-१२वर लक्ष ठेवायचं.

तू म्हणालीस काकूंचं हिमोग्लोबिन नॉर्मल आलं होतं. इथेच लोक फसतात गं. बी-१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) वाढलेला दिसतो असं पुस्तकात असतं, पण आपल्याकडे बायकांना लोहही कमी असतं आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात, मग दोन्ही मिळून आकडा मधोमध नॉर्मल येतो. शिवाय नसांचा त्रास रक्त चांगलं असतानाही होऊ शकतो.

आणि बी-१२ कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारतं, नसा सुधारत नाहीत. हा फरक कळायला केवढा काळ गेला, आणि त्यातला मोठा भाग आपल्या मुंबईत घडलाय, मला हे वाचल्यापासून फार जवळचं वाटतं. ल्युसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली, गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जो भयंकर ॲनिमिया व्हायचा त्याचा शोध घ्यायला. त्याच सुमारास अमेरिकेत मायनॉट आणि मर्फीने वेगळ्या एका जीवघेण्या ॲनिमियावर यकृत खाऊ घालून माणसं वाचवली होती, १९३४चं नोबेल त्यांना आणि व्हिपलला त्याच्यावर मिळालं. पण मुंबईतल्या बायका बऱ्या झाल्या मार्माईटने, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्काने, १९३१ साली तिने ते छापलं. आणि पुढे तिनेच दाखवलं की अमेरिकेतल्या रोगावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क ह्या बायकांवर चालत नाही, म्हणजे दोन वेगळे पदार्थ आहेत. यीस्टमधलं ते फोलेट निघालं. आणि यकृतातलं ते बी-१२, त्याचे लाल स्फटिक १९४८ साली वेगळे केले, आणि डोरोथी हॉजकिनने त्याची रचना उलगडली. मुंबईतल्या त्या बायकांच्या रक्तातून आज जगभर गरोदर बाईला मिळणारी गोळी आली आहे, आणि त्यांची नावंसुद्धा कुणाला माहीत नाहीत.

हे सगळं मुद्दाम लिहितेय कारण तुझ्या वहिनीला दिवस गेलेत. तिला लोह आणि फोलिकच्या गोळ्या मिळाल्याच असतील, त्या तिने घ्यायच्याच, फोलिकमुळे बाळाच्या मणक्यातल्या दोषांचा धोका कमी होतो. पण तुमचं घर शाकाहारी, तर डॉक्टरांना बी-१२बद्दलही विचारायला सांग. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा १९९३पासून अभ्यास केला, त्यात दोन-तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं आणि फोलेटची कमतरता जवळपास नव्हतीच. ज्यांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला शरीर दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. आपल्याच गावांतल्या आयांवरचा अभ्यास आहे हा, आणि तरी घरोघरी कुणाला ठाऊक नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता काय करायचं ते. आधी रक्त द्यायचं, मगच गोळी किंवा इंजेक्शन, कारण एकदा का डोस गेला की आकडा लगेच वर जातो आणि मूळ किती होतं ते कळत नाही. बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या (pg/mL) खाली आलं तर कमी, २०० ते ३०० मध्ये आलं तर संशयाचं, अशा वेळी डॉक्टर होमोसिस्टीन सांगतात, बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या एका पदार्थाची ती तपासणी. काकूंना नसांची लक्षणं आहेत त्यामुळे बहुतेक इंजेक्शनपासून सुरुवात करतील, ते त्यांना ठरवू दे. पुढे गोळ्यांवरही चालतं, मोठ्या डोसमधलं साधारण एक टक्का आतड्यातून आपोआप आत जातं म्हणून १००० मायक्रोग्रॅमची गोळी, त्यातलं दहा मिळालं तरी खूप झालं. काकू विचारतील हे मांसापासून काढलेलं का, तर सांग की नाही, कारखान्यात जिवाणू वाढवूनच तयार करतात. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं म्हणून साधी गोळी मागून घे.

अजून एक, ती व्हिटॅमिन डीची पाकिटं, ६०,००० युनिटची, ती रोज घ्यायची नसतात गं! डॉक्टर बहुतेक आठवड्याला एक देतात. बी-१२ जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं, डी तसं नाही, ते चरबीत साठतं आणि रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. काकू कशा घेतायत ते आजच विचार.

सोमवारी सकाळी रक्त देऊन टाका, सीबीसी आणि बी-१२ दोन्ही. रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठव, आकड्यांशेजारी युनिट लिहिलेलं दिसेल असा काढ, मी बघते आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून पाठवते. काकूंना नमस्कार सांग, अण्णांनाही.

तुझी
सुनी