पुंगळ्या घासू नका, आधी बूड वाचा

संपादक महोदय,

महायुद्धांतल्या रणगाडाविरोधी तोफांचा दारूगोळा जमवणाऱ्यांवर तुमच्या पुरवणीत लेख आला, वाचून खूप आनंद झाला, कारण मराठीत या विषयावर फारसं कुणी लिहीतच नाही. पण लेखाखालची ती चौकट वाचली आणि राहवलं नाही. जुनी पुंगळी, म्हणजे गोळ्यामागची दारू भरायची धातूची नळी, हाती लागली की आधी लिक्विड पॉलिशने घासून लख्ख करा आणि मग शोकेसमध्ये मांडा, असं त्यात सांगितलंय. कृपा करून कुणीही असं करू नका. ताम्रपट सापडल्यावर तो अक्षरं जाईपर्यंत घासावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

कारण या वस्तूची सगळी माहिती तिच्या बुडावर आणि रंगावर असते. इनर्ट, म्हणजे आत दारू किंवा स्फोटक काही उरलेलं नाही, अशी खात्री झालेली ब्रिटिश ६ पाउंडर या दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडाविरोधी तोफेची पितळी पुंगळी घ्या, उलटी करा आणि उजेडात जरा तिरकी धरून बघा. मधोमध प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, आणि त्याच्याभोवती ठोकलेली अक्षरं दिसतील, कारखान्याची खूण, लॉट नंबर, वर्ष, सरकारी मालाचा तो छोटासा बाण, आणि '६ पीआर ७ सीडब्ल्यूटी'. यातलं पीआर म्हणजे पाउंडर आणि ७ सीडब्ल्यूटी म्हणजे तोफेच्या नळीचं ब्रीचसकट (मागच्या बंद होणाऱ्या भागासकट) वजन, ७ हंड्रेडवेट, साधारण साडेतीनशे किलो. आता दारूगोळ्यावर तोफेचं वजन कशाला लिहायचं, तर ६ पाउंडर नावाची हॉचकिस तोफ आधीपासून होतीच, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांवर बसवलेली तीच, आणि दोन्हींचा कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ५७ मिमीच, पण जुनीची पुंगळी ३०७ मिमी लांब आणि नवीची ४४१, म्हणजे एकीचा राउंड (पुंगळी आणि गोळा मिळून) दुसरीत चालायचाच नाही. भांडारात गोंधळ होऊ नये म्हणून हा शिक्का, आणि आज ऐंशी वर्षांनी संग्राहकाचा गोंधळही तोच शिक्का मिटवतो. ३७ मिमीचंही तेच, जर्मन पाक ३६ ची (पाक हे रणगाडाविरोधी तोफेसाठीच्या जर्मन शब्दाचं लघुरूप) पुंगळी २४९ मिमी आणि अमेरिकन एम३ तोफेची २२३, विकणारे दोन्ही सर्रास '३७ एमएम' म्हणून विकतात. लांबी टेपने मोजता येईल हो, पण ती कुठल्या कारखान्यात आणि कुठल्या वर्षी बनली हे घासून गेलं की गेलंच.

जर्मन मालाची गोष्ट तर अजूनच नाजूक. पाक ४० ची पुंगळी सत्तर सेंटिमीटरपेक्षा लांब, बुडावर ६३४० हा नंबर आणि पुष्कळदा त्याच्यापुढे पोलादाची खूण म्हणून 'एसटी' ही दोन अक्षरं. युद्ध लांबत गेलं तसा तांब्याचा तुटवडा वाढला, मग पितळेच्या जागी पोलाद आलं, काही पुंगळ्यांवर पितळेचा पातळसा मुलामा तर काहींवर नुसतं लॅकर. वेगवेगळ्या वर्षांच्या पुंगळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की एका देशाचा कच्चा माल कसा संपत चालला होता हे डोळ्यांना दिसतं, त्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. आणि तो मुलामा इतका पातळ की पॉलिशचं कापड जोरात चालवलं तर खालचं पोलाद उघडं पडतं, तिथून गंज धरतो, आणि मग हळहळण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

टंगस्टनची कहाणी अशीच गोळ्यांवर लिहिलेली आहे. जर्मनांनी निमुळत्या नळीच्या तोफा बनवल्या, २८ मिमीने सुरू होऊन तोंडाशी २० मिमी होणारी छोटी आणि ७५ वरून ५५ मिमीवर येणारी पाक ४१, गोळा नळीतून जाताना दाबला जायचा, वेग प्रचंड वाढायचा आणि आतला टंगस्टन कार्बाइडचा गाभा चिलखत फोडायचा. पण टंगस्टन मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमधून यायचं, दोस्त राष्ट्रं जर्मनीला मिळू नये एवढ्याचसाठी तिथला माल विकत घेत होती, कारखान्यातल्या कटिंग टूल्सनाही तेच लागायचं, आणि जून १९४४ मध्ये पोर्तुगालने निर्यातच बंद केली. त्याच्या बऱ्याच आधी पाक ४१ चं उत्पादन दीडशेच्या आसपास थांबलं होतं, तोफ चांगली असूनही खायला घालायला दारूगोळा नाही. गंमत बघा, त्याच १९४४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिशांचा पर्म्युटर आणि कॉपॉक या दोघांनी विकसित केलेला सॅबो गोळा ६ पाउंडरला मिळाला, त्यातही टंगस्टनच, पण नळी सरळच ठेवली आणि बाहेरचं हलकं कवच तोंडाशी सुटून पडायचं. अख्खा सॅबो राउंड आज दुर्मिळ आहे, आणि असा राउंड कुणी मूळ रंग खरवडून चकचकीत करून ठेवलेला बघितला की खरंच पोटात तुटतं.

आता रंगाचं, आणि इथे प्रश्न जिवाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. चौकटीत असंही म्हटलंय की चिलखतभेदी गोळा म्हणजे भरीव पोलाद, त्यामुळे धोका नाही. हे साफ चूक आहे. ब्रिटिश २ पाउंडरचा चिलखतभेदी गोळा भरीव असायचा हे खरं, पण जर्मन पान्झरग्रानाट ३९ च्या पोटात थोडं स्फोटक आणि बुडाला ते फोडणारा फ्यूज असतो, चिलखत भेदून आत गेल्यावर फुटावा म्हणून, सोव्हिएत ४५ मिमीच्या चिलखतभेदी गोळ्यांतही स्फोटक असायचं. पुढून टोक बंद, फ्यूज कुठे दिसत नाही, हातात घेतला तर नुसता लोखंडाचा ठोकळाच वाटतो. रंगावरून ओळखू म्हणाल तर ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन तिघांनीही चिलखतभेदी गोळे काळेच रंगवले, त्यामुळे नुसता काळा रंग बघून आत काय आहे ते कळत नाही, ते त्यावरच्या स्टेन्सिलच्या खुणांवरून आणि शिक्क्यांवरून कळतं. भरीव गोळ्याच्या बुडातही बऱ्याचदा ट्रेसरचं, म्हणजे गोळ्याची वाट दिसावी म्हणून जळत जाणारं, मिश्रण असतं, तेही पेटू शकतं. म्हणजे जो माणूस आधी घासतो आणि मग ओळखायला बसतो त्याने धोका ओळखायचं साधनच पुसून टाकलेलं असतं, आणि घासतानाचे धक्के आणि उष्णता वेगळीच. जमिनीत सापडलेल्या गोळ्याला तर हातच लावायचा नाही, गाडीत घालायचा नाही, बॉम्ब निकामी करणाऱ्यांना कळवायचं. बेल्जियममध्ये पहिल्या महायुद्धाचे गोळे आजही नांगराला लागतात आणि ते निकामी करायला पूलकापेला इथे लष्कराची कायमची यंत्रणा आहे. शंभर वर्षं मातीत राहून स्फोटक आपोआप निकामी होत नाही.

राहिला प्रश्न पितळेचा. अमोनिया असलेलं पॉलिश पितळी पुंगळीला वापरूच नये. खेचून बनवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो आणि अमोनिया लागला की त्याला तडे जातात, याचा धडा ब्रिटिश लष्कराला भारतातच मिळाला होता, पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण होता, आणि १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी ते उलगडून दाखवलं. इतकी जुनी माहिती असताना आपण २१ व्या शतकात लोकांना लिक्विड पॉलिश सांगतोय.

युद्धकाळात कोरून, घासून फुलदाण्या बनवलेल्या पुंगळ्या असतात त्या वेगळ्या, तिथे कोरीवकाम आणि चकाकी हाच त्यांचा इतिहास, त्या आहेत तशाच जपाव्यात. बाकी पुंगळीला मऊ ब्रशने धूळ काढणं, कोरडी जागा आणि पोलादावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात एवढं पुरतं. हातमोजे घालायचे, बोटांच्या घामातलं मीठसुद्धा डाग पाडतं.

संपादक महोदय, त्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या अंकात, निदान चिलखतभेदी गोळ्यांबद्दलची तरी, ठळक छापा, ती वाचून कुणी प्रयोग करायच्या आत. आणि पुन्हा या विषयावर लेख आला तर पुंगळ्यांच्या रांगेच्या फोटोबरोबर एका तरी पुंगळीच्या बुडाचा मोठा फोटो द्या, त्यातल्या प्रत्येक शिक्क्याचा अर्थ लिहून पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक संग्राहक वाचक