‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकलेल्या यानाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाशी तिसऱ्यांदा बोललो. तेही वाया गेलं, म्हणून लेखी देतो आहे.

माझ्या मुलाने वाढदिवसाच्या पैशांतून १,४९९ रुपये भरून तुमच्या गेममधलं अवकाशयान घेतलं. चित्राखाली ठळक अक्षरांत ‘नवशिक्यांसाठी सर्वोत्तम’ लिहिलं होतं. यान तुम्हीच बनवलंय, तेव्हा त्याच्या बंदुका फिक्स आहेत आणि शत्रू बरोबर नाकासमोर आल्याशिवाय गोळी लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शील्ड, म्हणजे यानाचं संरक्षक कवच, दोन फटक्यांत जाते. फ्लाइट असिस्ट, म्हणजे यान आपोआप सावरणारी सोय, इतकी कमजोर की नाक वळवलं तरी यान आधीच्याच दिशेने घसरत राहतं. अवकाशात हवा नसते, हे मलाही कळतं. पण पहिल्याच दिवशी पोराच्या हातात हे द्यायचं?

मी कर्वेनगरला २२ वर्षं मोटार ड्रायव्हिंग शिकवतो. शिकाऊ गाडीत माझ्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो. शिकणाऱ्याची चूक झाली तरी निभावून जातं, म्हणून ती शिकाऊ गाडी. ‘एलिट डेंजरस’ या अवकाशयानांच्याच दुसऱ्या गेममध्ये सुरुवातीचं साइडविंडर नावाचं यान फुटलं तरी फुकट परत मिळतं. तुमच्याकडे यान फुटलं की दर वेळी क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, कापले जातात. चार दिवसांत पोराचे सगळे संपले.

आता आजचं बोलणं. मी विचारलं, “नवीन मुलाने कुठलं यान घ्यावं?”

“सर, हेच.”

“मग ते मिनिटाभरात फुटतं कसं?”

“सर, मुलाचा हात बसलेला नाही.”

“अहो, हात बसलेला नाही म्हणूनच नवशिक्यांचं घेतलं ना!”

तो जरा थांबला आणि म्हणाला, “मग वरचं घ्या सर, ३,२९९ चं. ते चालवायला सोपं आहे.”

फोन स्पीकरवर होता. मुलगा शेजारीच बसला होता. त्याने कंट्रोलरची वायर गुंडाळली, तो खोक्यात ठेवला आणि न बोलता आत गेला.

हात बसलेला नाही! कात्रजच्या चढावर गाडी बंद पडून मागे सरकायला लागली, तरी मी आजवर कुठल्या शिकाऊ माणसाला असं बोललेलो नाही. महागडी गाडी घ्या, असं तर नाहीच नाही. आणि सोपं यान तुमच्याकडे आहे, तर ‘नवशिक्यांसाठी’ ही पाटी या यानावर का?

पैसे परत करा. नाहीतर आपणहून नेम धरणाऱ्या बंदुकांचं, जाड शील्डचं यान याच किमतीत द्या आणि कापलेले क्रेडिट भरून द्या. ती पाटीही काढा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये आमच्या पुण्यातच उभी राहिली. १,४९९ रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं समजू नका.

पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

एक ग्राहक,
कर्वेनगर, पुणे