प्रौढांच्या वर्गांसाठी परवान्याचे स्वतंत्र नियम हवेत

माननीय संपादक महोदय,

राज्याच्या वाटचालीत कायमची नोंद राहील अशी एक घोषणा 30 मे 2025 रोजी, घटक राज्य दिनी झाली : गोवा पूर्ण साक्षर झाला. ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाखाली स्वयंसेवकांनी वाड्यावाड्यांवर जाऊन केलेल्या कामाचे ते फळ आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र अक्षरओळख झालेल्या माणसाला पुढे काही शिकायचे असेल, तर त्याचा वर्ग कोणत्या जागेत भरवावा आणि त्या जागेसाठी कोणाकडून कोणता परवाना घ्यावा, या साध्या प्रश्नाला आज सरळ उत्तर मिळत नाही. फोंडा परिसरात प्रौढांना शिकवणारी एक निवृत्त शिक्षिका या नात्याने हा विषय मी आपल्या दैनिकामार्फत पालिका, पंचायती आणि नगरनियोजन खात्यासमोर ठेवत आहे.

आमच्याकडे येणारी माणसे कोण आहेत, हे आधी सांगायला हवे. बेतोडा, कुंडई, मडकई येथील औद्योगिक वसाहतींतून पाळी संपवून येणारे कामगार आहेत. मुले मोठी झाल्यावर अर्धवट राहिलेली दहावी पूर्ण करू पाहणाऱ्या गृहिणी आहेत. बँकेचे आणि सरकारी अर्ज संगणकावर स्वतः भरता यावेत एवढ्यासाठी येणारे ज्येष्ठ नागरिक आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे पन्नाशीतली बाईसुद्धा परीक्षेला बसू शकते. असा वर्ग म्हणजे कोणाच्या तरी घराच्या ओसरीवर किंवा इमारतीतल्या भाड्याच्या खोलीत, संध्याकाळी दोन तास जमणारी आठ-दहा माणसे. जी थोडी फी घेतली जाते ती भाडे, विजेचे बिल आणि वह्या-पुस्तके यांतच संपते.

अडचण सुरू होते ती ‘फी घेता का?’ या प्रश्नापासून. उत्तर होकारार्थी आले की वर्ग व्यावसायिक ठरतो आणि पालिकेचा किंवा पंचायतीचा व्यापार परवाना लागतो. त्या अर्जासोबत जागेचा भोगवटा दाखला मागितला जातो, आणि त्यावर वापर ‘निवासी’ असा नोंदलेला असल्याने प्रकरण नगरनियोजन खात्याकडे वापरबदलासाठी जाते. ज्या घराची सनद, म्हणजे जमिनीच्या वापरबदलाचा दाखला, निवासासाठी घेतलेली आहे, तेथे पुन्हा तो मुद्दा उभा राहतो. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को या शहरांत जमिनीचा वापर ठरवणारा बाह्यविकास आराखडा पाहावा लागतो, तर बहुतेक गावांत प्रादेशिक आराखडा 2021. इमारत गृहनिर्माण संस्थेची असेल तर संस्थेचा ना हरकत दाखला वेगळा. घरमालकाला याहून मोठी भीती असते ती घरपट्टी आणि विजेची जोडणी दोन्ही व्यावसायिक दराने होतील याची, आणि ती भीती अनाठायी नाही. आमचा एक अर्ज परत आला, कारण त्यात दुकान, कार्यालय आणि शैक्षणिक संस्था एवढेच पर्याय होते आणि आमचा वर्ग त्यांपैकी कशातच बसत नव्हता. शहराच्या सीमेवर तर रस्त्याच्या एका बाजूला पालिका आणि दुसऱ्या बाजूला पंचायत असते, आणि त्याच वर्गाविषयी दोन्हीकडे वेगळी माहिती मिळते. परिणाम असा की बहुतेक वर्ग परवान्याविनाच चालतात आणि एखाद्या शेजाऱ्याने तक्रार केली की एका दिवसात बंद पडतात.

नियम नकोत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सुरतमध्ये 24 मे 2019 रोजी शिकवणी वर्ग असलेल्या इमारतीला आग लागली, जिन्याची वाट बंद झाल्याने मुलांनी वरून उड्या मारल्या आणि 22 जणांचा बळी गेला. दिल्लीत जुलै 2024 मध्ये तळघरातल्या वाचनालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मरण पावले; त्या तळघराला मंजुरी होती ती साठवण आणि वाहनतळासाठी. जागेचा मंजूर वापर कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरा असेल तर काय घडते, हे या दोन घटनांनी दाखवले आहे. शेजाऱ्यांच्या तक्रारीही पुष्कळदा रास्त असतात. आपल्या जुन्या वाड्यांतल्या गल्ल्या अरुंद आहेत, दहा दुचाक्या फाटकासमोर लागल्या की घरात आजारी माणूस असणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पेटी-तबल्याच्या वर्गाचा आवाज हाही खरा त्रास होऊ शकतो आणि निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबल, रात्री 45 डेसिबल ही मर्यादा कायद्यात आहेच.

म्हणूनच नियमाने मोजावे ते शेजाऱ्याला आणि शिकणाऱ्याला प्रत्यक्ष जाणवणारे : माणसे किती, वाहने किती, वेळ कोणती, आवाज किती आणि बाहेर पडण्याच्या वाटा किती. फी घेतली की नाही, यावरून यातले काहीच कळत नाही. फुकट चालणाऱ्या वर्गात चाळीस माणसे कोंबलेली असू शकतात आणि फी घेणाऱ्या वर्गात सहाच असू शकतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी असे म्हटले आहे. पण ती तत्त्वे 50 पेक्षा अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. त्याखालच्या लहान वर्गाचे काय, हे स्थानिक कारकुनाच्या समजुतीवर सोडलेले आहे.

माझी सूचना अशी आहे. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर, रात्री नऊपूर्वी संपणाऱ्या आणि एका वेळी पंधरापेक्षा अधिक प्रौढ नसणाऱ्या वर्गाला वापरबदलाची अट नसावी. वर्ग चालवणाऱ्याने पालिकेत किंवा पंचायतीत एक पानी स्वयंघोषणापत्र द्यावे, वाहने कोठे लावली जातील ते त्यात लिहावे आणि घरपट्टी निवासी दरानेच राहावी. पंधरा ते पन्नास माणसांच्या वर्गासाठी अग्निशामक दलाची पाहणी आणि वाहनतळाची अट जरूर असावी. तळघरात वर्ग भरवण्यास कोणत्याही संख्येला परवानगी नसावी. पंधरा हा आकडा काही अंतिम नव्हे, तो बारा ठरला तरी चालेल. पण तो पणजी महानगरपालिका, 13 नगरपालिका आणि 191 पंचायती यांना एकच असावा. त्यासाठी एखादे परिपत्रक पुरणार नाही, कारण परवाना पालिका व पंचायत कायद्यांखाली मिळतो आणि जागेचा वापर 1974 च्या नगरनियोजन कायद्याखाली ठरतो; म्हणून नियमांतच दुरुस्ती हवी. बांधकामविषयक 2010 च्या नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या झालेल्या आहेत. बिल्डरांच्या गरजांसाठी जी तत्परता दिसते ती इथेही दिसावी.

याच्याच जोडीला सरकारी शाळांच्या इमारतींचा विचार व्हावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी शाळा व सार्वजनिक वाचनालये प्रौढ शिक्षणासाठी वापरावीत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तेथे वापरबदलाचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडील कितीतरी सरकारी प्राथमिक शाळा दुपारनंतर बंद असतात, फळा आणि बाके जागच्या जागी असतात, पण किल्ली कोणी द्यायची, विजेचे बिल कोणी भरायचे आणि काही मोडतोड झाली तर जबाबदार कोण, हे लेखी ठरलेले नसल्याने मुख्याध्यापक नकार देतात. त्यांना दोष देता येणार नाही. शिक्षण खात्याने करारनाम्याचा एक नमुना तयार करून तो देण्याचा अधिकार मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ यांना दिला, तर निम्म्या वर्गांचा जागेचा प्रश्न सुटेल.

नगरविकास, पंचायत, नगरनियोजन आणि शिक्षण या चार खात्यांनी एकत्र बसून या नियमांचा मसुदा करावा, तो मराठी आणि कोकणीतून प्रसिद्ध करावा आणि हरकती-सूचनांसाठी किमान तीस दिवस द्यावेत, अशी माझी विनंती आहे. वर्ग चालवणाऱ्यांनी आणि ज्यांच्या शेजारी वर्ग चालतात त्या नागरिकांनीही आपले अनुभव या सदरात लिहावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा