पायताण आमचं, मग निर्यातीचा कोड दुसऱ्याचा का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्या कोल्हापुरी चपलेसारखीच चप्पल दाखवली आणि एकच गदारोळ उठला. तेव्हा जो तो कोल्हापूरचं नाव घेत होता. पण या चपलेला 2019 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. अथणी, मदभावी, निपाणी इथं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आलंय. माझं सासर त्यांतलंच. सासरे वेणी विणतात, पती आणि दीर तळ कापून शिवतात. मी कॉमर्स शिकलेली, म्हणून हिशोब आणि कागदपत्रं माझ्याकडे.

आमचा माल आजही परदेशात जातो. व्यापारी येतो, जोड मोजून घेतो, पैसे देतो आणि जातो. बॉक्सवर नाव त्याचं, तिकडचं गिऱ्हाईक त्याचं, पुढची ऑर्डरही त्यालाच. आमच्या हाती फक्त मजुरी. ही साखळी मोडायची तर पहिलं काम म्हणजे स्वतःच्या नावाचा आयात-निर्यात कोड, म्हणजे माल परदेशी पाठवायला लागणारा सरकारी क्रमांक, काढणं. केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन, पत्ता आणि बँक खात्याचा तपशील दिला की तो घरबसल्या मिळतो. सरकारी फी 500 रुपये. याच कामाचे एका सल्लागारानं आम्हाला काही हजार सांगितले होते! कोड निघाला की दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ऑनलाइन कायम करावी लागते, बदल नसला तरी. ते राहिलं तर कोड बंद पडतो.

माल कोणता हे जगभरच्या कस्टम्सना सहा आकड्यांवरून कळतं. आपल्या चपलेचा आकडा 640320. त्याचं वर्णन वाचून मी सासऱ्यांना मुद्दाम ऐकवलं: चामड्याचा तळ, पायावरून जाणारे चामड्याचे पट्टे आणि अंगठ्याभोवती पट्टा. ते म्हणाले, "हे तर आपलंच पायताण!" साऱ्या जगाच्या यादीत आपल्या वस्तूला स्वतंत्र जागा आहे, हे आपल्या कारागिरांना कुणी कधी सांगितलंच नाही.

पहिल्या मालासाठी कंटेनर लागत नाही. टपाल खात्यानं डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. तिथं निर्यातीचं बिल ऑनलाइन भरून दोन-चार जोडांचं पार्सलसुद्धा रीतसर पाठवता येतं. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरून ठेवावं, म्हणजे निर्यातीवर आधी कर भरून परताव्याची वाट बघत बसावं लागत नाही. नव्या गिऱ्हाइकाकडून पैसे आगाऊ घ्यावेत आणि ते बँकेतूनच यावेत. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली आहे. तेव्हा तिकडचं शुल्क कोण भरणार, हे भाव सांगतानाच लिहून घ्यावं.

मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती चामड्याबद्दल. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं ही आपली खरी पुंजी. क्रोमचे, म्हणजे क्रोमियमचे, क्षार वापरून चामडं कमावताना नीट काळजी घेतली नाही तर क्रोमियम-6 हे घातक रसायन तयार होऊ शकतं. कातडीला लागणाऱ्या चामड्यात ते किलोमागे 3 मिलिग्रॅम किंवा जास्त असलं तर 2015 पासून युरोपात माल विकता येत नाही. सालीत चामडं कमावताना क्रोम वापरतच नाहीत. पण हल्ली अस्तराला किंवा रंगीत पट्ट्याला बाजारातलं स्वस्त क्रोमचं चामडं लावलं जातं आणि तिथंच माल अडकू शकतो. रंगांचंही तसंच, अ‍ॅझो नावाच्या कृत्रिम रंगांपैकी काहींना तिकडे मनाई आहे. आणि पावसाळा! आपल्याकडे जुलैत चामड्याला बघता बघता बुरशी धरते. ती रोखायला बॉक्समध्ये ठेवायच्या काही पुड्यांत डायमिथाइल फ्युमरेट हे रसायन घालतात, त्यावर युरोपात 2009 पासून बंदी आहे. साधी सिलिका जेलची पुडी घालावी आणि जोड पुरता सुकल्याशिवाय बॉक्स बंद करू नये. माप घेताना गिऱ्हाइकाकडून पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवावी. नुसत्या नंबरावर विसंबलं तर अंगठा घट्ट होतो आणि जोड परत येतो.

हे आपल्या माणसांना जमणार नाही असं कुणी म्हणू नये. अथणीच्या बचत गटांतल्या बायकांनी 'टोहोल्ड' या नावानं फार पूर्वीच परदेशी बाजार गाठला होता.

आता मागणी. निपाणी, चिकोडी आणि अथणीच्या टपाल कार्यालयांत महिन्यातून एक दिवस निर्यातीचं शिबिर भरवावं. तिथं कोड काढून द्यावा आणि मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून कारागिरांची नोंदणी करावी, कारण या नोंदणीशिवाय आम्हालाच ते चिन्ह लावता येत नाही. माहितीपत्रकं मराठी आणि कन्नड दोन्हींत असावीत. आमच्या गल्लीत दोन्ही बोलणारे कारागीर शेजारी-शेजारी बसून एकच काम करतात. जिल्हा उद्योग केंद्रानं चामड्याची चाचणी सवलतीत करून द्यावी, कारण एकट्या घराला तो खर्च झेपत नाही. निपाणीत शिबिर ठरलं तर आमच्या भागातल्या कारागिरांचे कागद गोळा करून लावून ठेवायचं काम मी करीन.

– चप्पल कारागिरांच्या घरातली एक वाचक, निपाणी, जि. बेळगाव