आकडा कुठून आला, तेवढे विचारा: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी एका वीज कंपनीत उत्सर्जनाचा हिशेब ठेवते. कंपनीचा डेटा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या संगणकांवर, न्यायला सुरुवात झाली, तेव्हापासून मी त्या कामात आहे. अशा कामांचे प्रस्ताव आपल्याकडे मंजुरीला येतात आणि त्यांत ‘शाश्वतता’ हा शब्द पानोपानी असतो. मंजुरी देण्याआधी आपण एक अट घालावी, एवढ्यासाठी हे पत्र. उत्सर्जनाचा जो आकडा जाहीर होईल, त्याच्या मूळ नोंदीपर्यंत मागे जाता आले पाहिजे.

ही अट का, ते एका नोंदवहीवरून सांगते. उपकेंद्रांतल्या अनेक ब्रेकरमध्ये, म्हणजे वीजप्रवाह तोडणाऱ्या यंत्रांमध्ये, प्रवाह तोडताना उठणारी विजेची ठिणगी (आर्क) विझवण्यासाठी सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू भरलेला असतो. शंभर वर्षांचा काळ धरला, तर तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो म्हणजे सुमारे २४ हजार किलो कार्बन डायऑक्साइड. एक किलो गळला की २४ टन मांडायचे. दाब उतरला की कर्मचारी सिलिंडर लावून वायू पुन्हा भरतात. भरण्याआधी आणि भरल्यावर सिलिंडरचे वजन केले की किती गळले ते कळते. आमच्या एका उपकेंद्राच्या वहीत मात्र तारीख, सही आणि ‘गॅस भरला’ एवढेच होते. पानामागून पान तेच. वजनाचा रकानाच आखलेला नव्हता. तिथल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. वजन त्यांच्याकडे कुणी मागितले नव्हते आणि काटाही कुणी दिला नव्हता.

मुख्यालयात आम्ही वर्षभरात विकत घेतलेल्या सिलिंडरांवरून अंदाज बांधायचो आणि तो सगळ्या ब्रेकरांवर सारखा वाटून टाकायचो. हाच अंदाज क्लाउडवर चढला, तेव्हा त्याला दोन दशांश स्थळे लागली, शेजारी आलेख आला. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटावे, कुणीतरी जागेवर जाऊन मोजून आणले आहे. त्या दिवशी मी फार अस्वस्थ झाले, कारण तो आकडा माझ्याच हातून पुढे गेला होता.

क्लाउडचा खरा उपयोगही मी तिथेच पाहिला. उपकेंद्राची वही, खरेदीची बिले आणि देखभालीच्या नोंदी तीन ठिकाणी पडून होत्या, आणि एकाच ब्रेकरला तिन्हीकडे तीन वेगळी नावे होती. ती जुळवण्यात आमचे कित्येक महिने गेले. निविदेत या कामाची एक ओळही नव्हती, पण सगळ्यात मोलाचे काम तेच ठरले. नावे जुळली, काटे आले, वजन लिहिल्याशिवाय नोंद पुढे सरकेना. मग थोड्याच दिवसांत एक ब्रेकर उठून दिसू लागला. त्यात पुन्हा पुन्हा वायू भरला जात होता. दर वेळी पाळीवरचा माणूस वेगळा, म्हणून कुणाच्या लक्षात आले नव्हते. सील बदलले आणि गळती थांबली. नोंदी एका जागी आल्या नसत्या, तर तो वायू आजही हवेत जात राहिला असता.

दुसरी गोष्ट तासांच्या हिशेबाची. मीटर दर १५ मिनिटांनी नोंद पाठवत असेल, तर दिवसाच्या ९६ नोंदी होतात. १० लाख मीटर असतील तर रोज ९ कोटी ६० लाख. एवढे साठवायला आणि चाळायला क्लाउड हवा, हे मान्य. मग उत्सर्जनाची बेरीज मात्र वर्षाचीच का? ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन दोन रीतींनी दाखवायचे असते: वीजजाळ्याच्या सरासरीवरून आणि कंपनीने केलेल्या करारांवरून. दुसऱ्या रीतीत दुपारच्या सौर विजेची प्रमाणपत्रे घेऊन रात्री वापरलेली कोळशाची वीज कागदावर शून्य करता येते. वर्षाच्या बेरजेत ते झाकून जाते, तासांच्या हिशेबात लगेच उघडे पडते. पाव तासाची नोंद हाताशी असलेल्या कंपनीने वार्षिक बेरजेवर थांबू नये. (यासाठी घराघरातली नोंद लागत नाही. घरात माणसे कधी असतात, कधी नसतात, हे त्या नोंदींवरून कळू शकते. या हिशेबाला रोहित्रापर्यंतची बेरीज पुरते.)

क्लाउडलाही वीज लागतेच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्क्याच्या आसपास. त्यातला आपला वाटा कंपनीने तिसऱ्या स्कोपमध्ये, म्हणजे पुरवठादारांसारख्या इतरांकडून आपल्यासाठी होणाऱ्या उत्सर्जनात, मांडला पाहिजे.

करारात आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी. मूळ नोंदी कंपनीच्याच मालकीच्या राहतील आणि पुरवठादार बदलला तरी खुल्या स्वरूपात जशाच्या तशा बाहेर नेता येतील. उत्सर्जनाचे गुणांक, म्हणजे एका किलोला किंवा एका युनिटला किती उत्सर्जन धरायचे ते आकडे, काळानुसार सुधारले जातात. जुन्या वर्षांचा हिशेब नव्या गुणांकाने पुन्हा मांडायचा झाला, तर मूळ किलो आणि मूळ युनिट हाताशी असावे लागतात. नुसता आलेख असेल तर त्यावरून काहीच करता येत नाही.

पुढचा प्रस्ताव टेबलावर येईल, तेव्हा सादरीकरणातला कोणताही एक आकडा निवडा. तो कुठल्या मीटरवरून, कुठल्या वहीतून आला, ते तिथल्या तिथे दाखवायला सांगा. अंदाज असेल तर त्याच्यापुढे ‘अंदाज’ असे लिहायला लावा. आणि मंजूर रकमेतला काही भाग उपकेंद्रांच्या वजनकाट्यांसाठी राखून ठेवा.

‘गॅस भरला’ची ती वही मी जपून ठेवली आहे. आपण बोलावलेत तर घेऊन येईन.

आपली नम्र,
उत्सर्जनाचा हिशेब ठेवणारी एक कर्मचारी